ब्लेडवरचा आकडा

रवि. २३ मार्च
यांची दाढी केली. रेझर उघडला तर खुणेसमोर २. शुक्रवारी मी १ वर ठेवला होता. नक्की १.
आधी वाटलं, माझाच घोळ. पण या बाबतीत माझा घोळ होत नाही. लग्न होऊन चिंचपोकळीच्या या खोलीत आले तेव्हापासून ऐकतेय. ब्लेडच्या कोपऱ्यांवर बारीक आकडे असतात, एका अंगाला १-२, उलटं केलं की ३-४. रोज एक आकडा फिरवायचा, चारही धारा सारख्या झिजल्या पाहिजेत, चार झाले की ब्लेड डब्यात. रेझरच्या दांड्यावर कानशीने खूणसुद्धा स्वतःच पाडलेली, टर्नर माणूस! आणि कामावर निघताना दारातून आकडा ओरडून जायचे. "तीन!" कशाला, तर उगाच. मी आतून "बरं" म्हणायचे.
ऑक्टोबरात झटका आला, उजवं अंग गेलं. आता दाढी मी करते, दिवसाआड. आकडा मीच फिरवते. ओरडत मात्र नाही.
आज ३ लावून केली.

मंगळ. २५ मार्च
संध्याकाळी ऑफिसातून येऊन आधी रेझर पाहिला. ४.
म्हणजे कुणीतरी वापरतंय. दिवसभर घरात दोनच माणसं, हे आणि यांना सांभाळायला नर्सिंग ब्युरोने पाठवलेले सावंतमामा. हे भिंतीला धरूनही उभे राहू शकत नाहीत. उरलं कोण?
सावंतांचे गाल बघितले. गुळगुळीत. रोज गुळगुळीत असतात, आजवर लक्ष दिलं नव्हतं.
शिसारी आली. तेच ब्लेड मी यांच्या गालावर फिरवते. वर रक्त पातळ करायची गोळी चालू, जरा लागलं की थांबत नाही. कुणाचं काय दुखणं कुणाला लागेल!
यांच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, बारीक ओरखडे. सावंत उचलताना त्यांच्या घड्याळाचा पट्टा लागत असणार. तेही बोलायचं आहे.

गुरु. २७ मार्च
ऑडिट सेक्शनला आयुष्य गेलं, पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही एवढी अक्कल आहे. सकाळी नवं ब्लेड घातलं, १ वर ठेवलं, दाढी केली नाही. सावंतांना म्हटलं, आज वेळ नाही, उद्या बघू.
दुपारी फोन केला तर मागे मोरीचा नळ चालू. "काय चाललंय?" "काय नाय वयनी, हात धुतंय." बराच वेळ हात धुतात!
संध्याकाळी २.
सावंत गेल्यावर यांना विचारलं, "मामा तुमचा रेझर घेतात का?" यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "नाही." पुन्हा विचारलं. पुन्हा "नाही", जरा जोरात. मोजके शब्द उरलेत, त्यातला एक असा खर्च केला. दिवसभर त्या माणसाच्या हातात असतात, घाबरत असतील.

शनि. २९ मार्च
बोलले. सरळच.
"मामा, तुम्ही साहेबांचा रेझर वापरता?"
ते यांना पेज भरवत होते. चमचा खाली ठेवला. "वयनी, मी लालबागच्या सलूनात जातंय. दुसऱ्याचो ब्लेड मी तोंडाक लावतलंय? असो समजलात काय माका?"
"मग आकडा कसा फिरतो?"
"कसलो आकडो?"
मला वाटलं, वेड पांघरतायत. बोलायला नको ते बोलले. ब्युरोला कळवते म्हटलं.
ते यांच्याकडे एकदाच बघून उभे राहिले. डबा उचलला, चपला घातल्या. "सांभाळा तेंका," एवढंच म्हणाले. जाताना दार हळू ओढून घेतलं, तेही मला ढोंगच वाटलं.
यांनी डावा हात खाटेवर आपटला. आपटत राहिले. माझ्या हातून पेज घेतली नाही.
प्रज्ञाचा कल्याणहून फोन. सगळं सांगितलं. "आई, तू रेझरवर पाळत ठेवतेस? मी इलेक्ट्रिक मशीन पाठवते, संपव ना विषय." लेक माझीच, पण डोकं जावयाचं घेतलंय.

बुध. २ एप्रिल
रजेवर आहे. आकडा जिथे ठेवते तिथेच. हललेला नाही.
झालं की सिद्ध. जरा बरं वाटलं. यांनी अजून नीट बघितलेलं नाही माझ्याकडे. बघतील. स्वतःच्या माणसापेक्षा परका जवळचा झाला की काय!

शुक्र. ४ एप्रिल
ऑफिसला गेले. समोरच्या कांबळेताई बसल्या होत्या यांच्यापाशी. दुपारी कुकर लावायला तेवढ्या घरी गेल्या, म्हणाल्या, "झोपले होते गं ते."
रेझर. काल ३. आज ४.
कांबळेताईंना काही दाढी नाही.
आणि मग जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते आज सुचलं. चोरून वापरणारा माणूस वापरेल आणि ठेवून देईल. तो कशाला क्रमाने आकडा फिरवतोय? एकानंतर दोन, तिनानंतर चार, बरोब्बर खुणेसमोर? हे जगात दोनच माणसांना ठाऊक. त्यातली एक मी. सावंतांनी "कसलो आकडो" विचारलं ते खरंच विचारलं होतं.
म्हणजे हे उठतात. मोरीपर्यंत जातात. मला कळू न देता.

शनि. ५ एप्रिल
ब्लेडचं पाकीट काढलं. एका ब्लेडचा नुसता कागद, नीट घडी घालून परत ठेवलेला. आत ब्लेड नाही. रेझरमध्ये जुनंच आहे, ४ वर.
ते नवं ब्लेड कुठे आहे?
मनगटावरचे ओरखडे. घड्याळाचा पट्टा म्हणे! सावंत घड्याळच घालत नाहीत, आज आठवलं.
जानेवारीत एकदा मी यांचं तोंड पुसत होते, तर छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "पुरे आता." जेवण पुरे असं समजून मी ताट उचललं. समजून म्हणजे, तसं समजायचं ठरवून. प्रज्ञाला सांगितलेलं नाही.
गादी, उशी, अंथरुणाची घडी, खाटेखालची ट्रंक, सगळं उपसलं. हे बघत होते. म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "कानातलं पडलंय." माझ्या दोन्ही कानांकडे बघितलं त्यांनी. मग डोळे मिटले.
मला भीती वाटते. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलू?

सोम. ७ एप्रिल
रेझर आणि पाकीट पर्समध्ये घालून ऑफिसला. गेटवर सिक्युरिटीवालीने पर्स उघडली. "मॅडम, ये क्या? आपका है?" मागे सगळी लाइन. म्हटलं, "मिस्टर का है." "तो मिस्टर को दो ना." सगळे हसले, मीही हसले. वर जाऊन बाथरूममध्ये रडले.
कांबळेताईंना बजावलंय, कुकर माझ्याकडेच लावा, पण उठू नका. कारण सांगितलं नाही. त्याही आता माझ्याकडे जरा निराळ्याच बघतात.

बुध. ९ एप्रिल
सावंतांना शोधून काढलं. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहतात, एका खोलीत सगळा गाव. बाहेर गॅलरीत आले. बस म्हणाले नाहीत.
मी म्हटलं, "चुकलं माझं. आता खरं काय ते सांगा."
ते म्हणाले: "तेंका स्वताची दाढी स्वता करूची आसा. चौदा तारखेक. तुमका सांगू नको म्हणान तोंडार बोट ठेवल्यानी. मी हातावर हात मारलंय, मगे कसा सांगतलंय?"
"माझ्यासमोर चोर ठरलात तरी?"
"तां तुमचा तुमी ठरवलात."
रेझरचा दांडा काखेत धरून डाव्या हाताने कसा उघडायचा, ते दोघांनी मिळून बसवलं म्हणे. गालाला लावायच्या आधी उजव्या हातावरच्या केसांवर सराव. त्या हाताला कळत नाही ना काही.
"आणि ते नवं ब्लेड? पाकिटातलं?"
त्यांचा चेहरा बदलला. "त्याची माका म्हायती नाय. पाकिटाक मी हात लावलंय नाय."
"नक्की?"
"आता तुमी माका इचारतास?"
परत या म्हटलं. दुसरा पेशंट घेतलाय.
घरी येऊन यांचा उजवा हात उजेडात धरून बघितला. पट्टाभर केस नाहीत, हे खरं. ओरखडे आहेत, हेही खरं. सावंतांनी पाहिलं तेवढं सांगितलं. ते गेल्यानंतरचं त्यांना काय माहीत?

रवि. १३ एप्रिल
पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला. दर जयंतीला हेच. गुळगुळीत दाढी, पांढरा शर्ट, आधी विहारात, मग चाळीच्या पटांगणात सगळ्यांच्या पुढे. गेल्या वर्षी मुलांना निळे झेंडे बांधून दिले होते यांनीच.
आठवडाभर यांची दाढी केलेली नाही, ब्लेड अजून तेच, ४ वरचं. रेझर पर्समधून काढला, घातला, काढला. शेवटी मोरीवरच्या फळीवर ठेवला. त्यांना दिसेल असा. पाकीट पर्समध्येच.
बरोबर केलं का? कुणाला विचारणार? प्रज्ञाला विचारलं तर ती डॉक्टरला विचार म्हणेल. शुक्रवारची वेळ घेतलीय, एकटीच जाऊन बोलणार आहे. पण जयंती उद्या आहे.

सोम. १४ एप्रिल
सकाळी चहा ठेवत होते. खाट वाजली. मी वळले नाही. एक हात भिंतीवर, पाय घासत, मधे थांबत मोरीपर्यंत गेले.
मग राहवलं नाही, गेले. अर्ध्या चेहऱ्यावर फेस, डाव्या हातात रेझर, पाठ भिंतीला टेकवलेली. मला बघून म्हणाले, "बाहेर."
पडद्याच्या बाहेर उभी राहिले, कान लावून. केसांवर धार फिरल्याचा आवाज. थांबला की माझा श्वास थांबायचा. चहा उतू गेला.
बाहेर आले. हनुवटीला लागलेलं, त्यावर पेपरचा कपटा चिकटवलेला, लाल होऊन तो तिथेच वाळला. उजव्या कानाखाली केसांची एक पट्टी तशीच राहिलीय. माझा हात शिवशिवला. लावला नाही. तशाच चेहऱ्याने, चाळीतल्या पोरांच्या आधाराने खाली गेले, खुर्चीवर बसून सगळ्यांचे नमस्कार घेतले. कांबळेताई म्हणाल्या, "आज अगदी पूर्वीसारखे दिसतात." रडू आलं, लपवलं नाही.
वर आल्यावर मोरीत गेले, रेझर उघडला.
१. कोरं, चकचकीत.
म्हणजे नवं ब्लेड हेच. इतके दिवस आजच्यासाठीच ठेवलं होतं. कुठे, ते देव जाणे, मी तर फक्त गादी उसवायची बाकी ठेवली होती.
मग जुनं कुठे? ते ४ वालं?
विचारलं. त्यांनी डाव्या हाताने फळीवरचा डबा दाखवला. जुन्या ब्लेडचा डबा, यांनीच झाकणाला कथलाचा डाग देऊन कायमचा बंद केलेला, वर नुसती फट. मी "बरं" म्हटलं.
हे खिडकीशी चहा घेत होते, पाठ माझ्याकडे. मी उशी चाचपली. गादीची कड चाचपली. काही नाही. डबा कानाशी धरून हलवला. आत ब्लेडं वाजतात. इतक्या वर्षांची, एकमेकांवर. आजचं त्यात आहे की नाही, हे डबा फोडल्याशिवाय कळायचं नाही.
मान वर केली तर हे माझ्याकडेच बघत होते. डबा माझ्या कानाशी तसाच.
रागावतील वाटलं. पण कपबशी खाली ठेवली, जीभ जुळवायला जरा वेळ लागला, आणि म्हणाले, "एक."
"बरं," म्हटलं.
उद्या ऑफिस. रेझर फळीवर ठेवायचा की पर्समध्ये, अजून ठरत नाही. डबा जागेवर ठेवलाय.