सोमवारची पुडी

सोम., १७ मार्च
उपवास. सकाळी व्हिटॅमिन डीची पुडी घेतली, लिंबूपाण्यात. वजनासाठी दूध बंद केलंय. पुडी आठवड्यातून एकदाच, म्हणून सोमवार धरला. उपवास विसरत नाही, मग पुडीही विसरत नाही.
कंबर, मांड्या ठणकतातच. साड्यांच्या दुकानात गादीवरून उठताना कपाट धरावं लागलं. गिऱ्हाईक बघत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
धाकटे दीर : "वैनी, हिंगणघाटात डांबर वितळून राह्यलं, अन् तुमाले ऊन कमी पडते?" सगळे हसले. मी ऊन बघते कधी? दिवसभर दुकानात. जाता-येता तोंडाला स्कार्फ, हातात मोजे.

गुरु., १० एप्रिल
यांनी जेवताना काढलंच. "तू आता घरीच राह्य. साड्या दाखवाले पोरगी ठेवतो."
लग्न होऊन आले तेव्हापासून ती गादी माझी. नवरीच्या आईला कुठला काठ आवडेल, मला तिच्या तोंडावरून कळतं. पोरीला कळणार आहे?
म्हटलं, पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचंय, तो रिपोर्ट येऊ द्या. तर म्हणे, "पह्यले वजन पाह्य." सगळ्या दुखण्यांवर यांचं हे एकच उत्तर. डोकं फिरतं.

मंगळ., १३ मे
रिपोर्ट आला. डी जिथल्या तिथं. एवढ्या पुड्या गेल्या कुठं?
डॉक्टरबाई म्हणाल्या, वजन जास्त असलं की ते चरबीत जाऊन बसतं, रक्तात कमी दिसतं. अशांना डोसही जास्त लागतो. म्हणजे माल आपलाच, पण गोदामाला कुलूप. वा!
मग, "पुडी कशासोबत घेता?" सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते तुपातेलात विरघळतं. उपाशीपोटी लिंबूपाण्यात अंगी कसं लागेल?"
आधी सांगायला काय झालं होतं!
डोस वाढवला, आता पुडी आठवड्यातून दोनदा. भरल्या पोटी घ्यायचा. वजन उतरवा, पण उपाशी राहून नको. दुखणं जाईल ना? "सगळं त्यानंच दुखतंय असं नाही. तीन महिन्यांनी बघू." तोवर हे थांबतात होय!

बुध., १४ मे
वरणभात, वर तूप, मग पुडी. यांची नजर तुपाच्या वाटीवर. "असं वजन उतरन का?" हे ओरडले, मीही ओरडले. वर रडू आलं, त्याचा जास्त राग आला. सरळ सांगितलं, मला घरी बसायचं नाही. दीर ताट घेऊन ओसरीत गेले.

रवि., १८ मे
दुकानात सुतार. गादी काढून उंच काउंटर करायचं म्हणे, उभ्यानं माल दाखवायचा, उठबस नको. मला आज कळतंय. माझ्यासाठी की त्या पोरीसाठी? विचारलं, तर हे सुताराला फळ्या दाखवायला लागले.
सुतार : "शेटजी, उंची किती ठेवू? कोन उभं राह्यनार इथं?"
 मी चपला काढून भिंतीशी उभी राहिले. म्हटलं, "माझं माप घे."
त्यानं टेप लावला. पण पेन्सिल कानावरून काढली नाही, यांच्याकडेच बघत राहिला.