पिवळीची हनुवटी

मंगळवार, दिवेलागण

काचेच्या टाकीतल्या पिवळ्या मादीच्या तोंडात अंडी आहेत, त्याला आज अठरावा दिवस. हनुवटी टम्म फुगलीय. या आफ्रिकन माशांची आई अंडी तोंडातच उबवते, पिल्लं सोडेपर्यंत काही खात नाही. इस्लामपूरच्या दुकानदारानं मला बजावलं होतं, हात लावू नका. तरी आज जाळी हातात घेतलीच.

सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवं, काय करताय?"

"तोंड उघडून बघतो. पिल्लं झाली असतील."

"मागच्या खेपंला बघितलंच की तुमी."

बघितलं होतं. भिऊन तिनं सगळी अंडी गिळली. त्याआधीही तेच. दोन्ही वेळा घाई माझीच. फौजेत रात्र रात्र पहारा दिला, आणि एका माशासमोर तीन आठवडे गप्प बसवत नाही मला?

जाळी कपाटात टाकली, कुलूप लावलं, किल्ली सुमनला दिली. मागितली तरी देऊ नको म्हटलं. तिनं ती कमरेला खोचली.

"ती उपाशी हाय ते कळलं. तुमी तरी जेवा."

सकाळपासून मीही जेवलो नव्हतो. हनुवटी एकदाच बघून घेतली, अजून फुगलेलीच. मग ताट घेतलं आणि टाकीकडे पाठ करून बसलो.