कान पुसायचे राहून गेले

प्रिय बंड्या,

आज म्हशी घेऊन पंचगंगेवर गेलो, तू गेल्यापासून पहिल्यांदाच. बगळे निवांत बसले होते, त्यांना उठवायला कोणी नव्हतं! घरी आलो आणि राहवेना, म्हणून लिहायला बसलो.

तू स्पॅनियल कुत्रा. तुझी जातच पाण्याची आणि पाखरांची वेडी. पण आलास आमच्या गोठ्यावर आणि आम्ही तुलाही म्हसरांतच धरलं. म्हशींबरोबर नदीत डुंबायचं आणि तसंच ओलं घरी यायचं, झालं! तुझे ते वीतभर लांब कान दुधाच्या ताटलीत बुडायचे. माझ्या लेकीनं, सईनं एकदा ते रिबिनीनं डोक्यावर बांधले होते, आठवतं? बसलास की शहाण्यासारखा!

गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "ह्याचं कान लोंबत्यात, आत वारं जात न्हाय. पाण्यातनं आला की कोरडं पुसायचं, न्हायतर आत सडतंय." मी काय म्हणालो? "डॉक्टर, म्हशीचं कान कोण पुसतंय व्हय?" सगळा दवाखाना हसला. केवढे अकलेचे तारे तोडले रे मी!

मग तू सारखं डोकं झटकायला लागलास. कान चौकटीला घासायचास, वास यायचा. औषध आणलं, दोन दिवस घातलं आणि विसरलो.

पुढे हाक मारली तरी येईनास. "लई माजलाय," म्हणून एकदा पायताण फेकून मारलं. आणि तू? ते शेपटीचं थुटूक हलवत माझ्याकडेच आलास. तुला ऐकूच येत नव्हतं, हे मला कळू नये? माझ्यासारखा करंटा मीच!

गेल्या सोमवारी फाटकाबाहेर दुधाचा टेम्पो रिव्हर्समध्ये मागे येत होता. आम्ही सगळे घसा फुटेस्तोवर ओरडलो. तू रस्त्यात पाठ करून बसला होतास.

सईला वाटतंय, तिनं फाटक उघडं टाकलं म्हणून तू गेलास. "पप्पा, माझ्यामुळंच झालं की!" म्हणून रडते, जेवत नाही. मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवतो. अरे, फाटक तर रोजच उघडं असायचं! ऐकू येत होतं तोवर टेम्पो आला की तू आपणहून बाजूला व्हायचास.

हे तिला सांगायची मला भीती वाटते, बंड्या. लेकीच्या नजरेतून उतरायची भीती.

आता ती शाळेतून येईल. तुला शब्द देतो, तिनं दप्तर ठेवलं की आधी तिला जवळ बसवून सगळं सांगणार. मग ती माझ्याशी कितीही दिवस बोलली नाही तरी चालेल.

तुझा अपराधी,
सईचा पप्पा