दिवस दुसरीनं मागायचा

प्रिय रशिदाआपा,

उद्या सकाळी शेटजींनी मला केबिनमध्ये बोलावलंय. नवीन मॅनेजरसाहेबांनी माझी तक्रार केली आहे. घरात सगळे म्हणतात, एकदा सॉरी म्हण आणि मोकळी हो. मी म्हणणार नाही! का म्हणणार नाही, हे मी न सांगताच जिला कळलं असतं ती बाई गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्हाला सोडून गेली. म्हणून आज साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, स्वयंपाक उरकून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

तुमच्या जागी आता मी आहे, आपा. दुकानाचा पहिला मजला, साड्या, सगळ्या मुली माझ्याकडे. तुम्ही खिडकीजवळ उभ्या राहायच्या ती जागा मात्र मी अजून घेतलेली नाही.

सीझनच्या ड्यूट्या आता मोबाईलवर येतात. साहेबांनी एक ॲप आणलंय. मागच्या वर्षी कुठल्या दिवशी किती गिऱ्हाईक आलं ते बघून, कुणी कधी कुठल्या काउंटरवर उभं राहायचं ते तेच ठरवतं. खोटं कशाला बोलू, त्याचं गणित चुकत नाही. उन्हाळ्याच्या लग्नसराईत त्यानं सांगितली तशीच गर्दी झाली. पण दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत त्यानं कुणालाच सुट्टी ठेवलेली नाही, साप्ताहिकसुद्धा नाही. घेतलीच कुणी, तर तिनं परत कामावर यायचं नाही. गणित बरोबर आलं म्हणजे सगळं बरोबर आलं का हो?

मी नवीन होते तेव्हाचं आठवतं? नारळी पौर्णिमेला आमच्या समाजाच्या मार्कंडेयाचा रथ निघतो, माहेरी सगळी जमतात, आणि इकडे दुकानात राखीची झुंबड. रजा कशी मागायची म्हणून मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मला हाताला धरून जिन्याखाली नेलंत. तिथं सगळ्या चहा घेत बसल्या होत्या. सीझन लागायच्या आधी तुम्ही अशी बैठक घ्यायच्या, आणि त्या बैठकीचा कायदा तुमचाच होता. प्रत्येकीला एक दिवस. पण तो तिनं स्वतः मागायचा नाही, दुसरीनं तिच्यासाठी मागायचा. जी मागेल तिनंच त्या दिवशी दोन्ही काउंटर सांभाळायचे. कारण कुणी विचारायचं नाही.

"आपल्यासाठी मागितलं की मान खाली जाती," तुम्ही मला म्हणालात. "दुसरीसाठी मागून बघ. आवाज चढतो की."

त्या वर्षी माझी पौर्णिमा तुम्ही मागितलीत, आणि तुमची ईद मी. खरंच आवाज चढला होता माझा! शेटजींनाही काही बोलता यायचं नाही. कामचुकार म्हणणार कुणाला? समोरची तर जास्तीचं काम मागत असायची.

पण एक सांगू? तुमच्यावर राग आहे माझा. दिवाळीच्या बैठकीत तुमची पाळी आली की तुम्ही "मला कशाला, माझी ईद झाली की" म्हणून चहाचे ग्लास गोळा करायला उठायच्या. तुम्ही उठलात की बैठक संपली. गेल्या वर्षीही तशाच उठलात. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तपासणीला बोलावलं होतं, हे तुमच्या फरीदानं आम्हाला नंतर सांगितलं. भाऊबीज झाली की जाऊ, असं तिला म्हणाला होतात म्हणे. भाऊबीज कुठं बघितलीत तुम्ही? आम्ही सगळ्या समोर बसलेल्या असताना हे सुचलं तरी कसं तुम्हाला? मी माझा इरकल साड्यांचा काउंटर सोडून तुमच्या काउंटरवर उभी राहिले नसते का?

आता परवाचं ऐका. ते ॲपचं वेळापत्रक मुलींना वाचून दाखवा, असं साहेबांनी मला सांगितलं. मी सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं. चहा सांगितला. आपली शोभा ग्लास हातात धरून गप्प बसली होती. तिच्या आईला यंदा दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचंय. म्हातारीला आता चालवत नाही, पुढच्या वर्षीचा भरवसा कुणी द्यायचा? हे सगळ्यांना माहीत होतं, पण तोंड कुणी उघडेना.

मग मीच म्हणाले, "दसऱ्याला शोभाच्या काउंटरवर मी."

मग एकेकीचा आवाज निघू लागला. हिचा पाडवा तिनं मागितला, तिची भाऊबीज हिनं. तेवढ्यात साहेब जिन्यावरून खाली आले. सिस्टिममध्ये अशी अदलाबदल चालत नाही म्हणाले.

"सिस्टिम काउंटरवर उभी राहणार आहे का, सर?" मी विचारलं.

ते लाल झाले. दसऱ्याला एक जरी मुलगी कमी दिसली तर जबाबदार तुम्ही, असं म्हणाले. मी म्हटलं, माझं नाव लिहून ठेवा. आपा, आवाज किती चढला होता म्हणून सांगू! वरच्या मजल्यावरची गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली.

ते तणतणत गेले आणि मी ग्लास गोळा करायला उठले. तुमचीच सवय, दुसरं काय! तर शोभानं माझा हात धरला.

"बसा की ताई. दिवाळीच्या आदल्या रविवारी तुमच्या काउंटरवर मी हाय. कारण कुणी विचारू नका."

त्या रविवारी तुमची बरसी आहे. फातेह्याच्या प्रार्थनेला या म्हणून फरीदानं दुकानात फोन केला होता, तो शोभानंच उचलला होता. मी कुणाला काही बोलले नव्हते. बोलणारही नव्हते. वर्षातला सगळ्यात गर्दीचा रविवार, मी इनचार्ज, कुठल्या तोंडानं बोलणार? तिथंच रडू फुटलं मला, सगळ्यांच्या देखत.

तर त्या रविवारी मी तुमच्या घरी येणार. नोकरी राहिली तर रजेवर, नाही राहिली तर तशीच. उद्या शेटजींना हेच सांगणार आहे, आणि मान वर करून सांगणार आहे.

आणि एक शब्द देते. नोकरी राहो न राहो, मी जिथं काम करीन तिथं ग्लास उचलायच्या आधी विचारीन, कुणाचा दिवस राहिला? आणि जी कुणी "मला कशाला" म्हणेल, तिला मी उठू देणार नाही.

तुमच्याच मजल्यावरची,
लक्ष्मी