तिसरी दुर्बीण

हास्ट, ६ फेब्रुवारी

चि. लेक्स यास,

आशीर्वाद विशेष, तक्रार त्याहून विशेष. माझ्या रायफलवर लावायला तू पाठवलेल्या दोन्ही दुर्बिणी याच खोक्यातून परत करतोय. पहिलीतून ओढ्यापलीकडचं रान दूध सांडल्यासारखं दिसतं. दुसरीची काच पिवळट आहे, आणि सूर्य समोर आला की नुसती चकाकते. गिऱ्हाइकाला टोपी घालणं तुमचा धंदा असेल, पण बहिणीच्या नवऱ्याला तरी सोडावं! परत आलेला माल पुसूनबिसून पुन्हा विकतात तुमच्या दुकानात, अशी मला दाट शंका आहे. दुसरीच्या नळीवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. ऊना म्हणते ते माझेच. तिचं ऐकू नकोस.

मला फार काही नको. जुनी दुर्बीण नदीत गेली ते बरंच झालं, नऊ पटींची ती. आपल्या दाट रानात तीस पावलांवर हरीण उभं राहिलं तर तिच्यात नुसते तपकिरी केस दिसायचे. हरणाचे की तुझ्या स्वेटरचे, देव जाणे. म्हणून एक ते चार पटींची हवी, सबंध जनावर दिसेल अशी, आणि चारशे डॉलरच्या आत. यंदा गुरांना भाव नाही.

मार्चअखेर नर हरणं डुरकायला लागतील. नेहमीसारखा तू टेकडीला वळसा घालून वरून त्यांना हाकत ये, मी ओढ्याशी बसतो. त्याआधी धड काच पाठव.

लोभ आहेच, तो वाढणं मालावर अवलंबून.

तुझा,
ऑब्री

टिमारू, १५ फेब्रुवारी

ती. दाजी यांस,

सा. न. वि. वि. खोकं पोचलं, शिव्याही पोचल्या. दोन्ही दुर्बिणी मी दुकानाच्या दारात उभा राहून पाहिल्या. चर्चच्या घड्याळाचे काटे दिसले, वर बसलेलं कबूतरही दिसलं. मालकांनी पाहिलं, त्यांनाही दिसलं. आता तुमच्या हास्टची हवाच पिवळट असेल तर मी काय करणार?

तरी सोबत तिसरी पाठवतोय. नवीन कंपनी आहे, स्वस्तातली, नाव कुणाला माहीत नाही. चारपटीवर ठेवा आणि सकाळच्या उजेडात पलीकडच्या कालवडीच्या कानातला बिल्ला बघा. जे दिसेल तेच लिहा, मनाचं काही घालू नका. लग्नाआधी ताईलाही तुम्ही इतकंच पारखलं असणार. नशीब, ती खोक्यातून परत आली नाही!

ताईस नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

आपला,
लेक्स

हास्ट, २३ फेब्रुवारी

चि. लेक्स यास,

आशीर्वाद. तिसरी तर पहिल्या दोघींची थोरली बहीण निघाली. बिल्ला राहू दे, कालवडच धुक्यात उभी. नाव नसलेल्या कंपनीचं नाव का नाही, ते आता कळलं. मला वाटतं, तू मुद्दाम रद्दी पाठवतोयस, म्हणजे मी कंटाळून महागातली घेईन आणि तुला दलाली मिळेल. असं असेल तर सरळ सांग, मी हरणाला दगड मारीन.

लोभ तूर्त आहे तेवढाच.

ऑब्री

(त्याच खोक्यात, कागदाच्या बोळ्यांखाली)

चि. लेक्स,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी गुपचूप घालतेय, ह्यांना पत्ता लागू देऊ नकोस.

दर वेळी खोकं परत जाण्याआधी, हे गोठ्यात गेले की, मी तिन्ही दुर्बिणींतून बघून घेतलं. मला कालवडीच्या कानातला नंबर वाचता आला, आणि मला तर बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. लेक्स, काच वाईट नाही रे. घरातले दिवे ह्यांनी तीनदा बदलले, दुकानदार मिणमिणते बल्ब विकतो म्हणून. अंधार पडला की गाडी चालवत नाहीत. समोरचे लोक मुद्दाम डोळ्यांवर झोत टाकतात म्हणे. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, तू आणि डॉक्टर मिळून माझा परवाना घालवायला निघालात.

तू त्या झाडीतून ह्यांच्या बंदुकीच्या दिशेनं उतरतोस. मला भाऊ एकच आहे आणि नवराही एकच. ह्यांच्याशी बोलून मी थकले. तू काहीतरी कर, पण माझं नाव येऊ देऊ नकोस.

तुझी,
ऊनाताई

टिमारू, ४ मार्च

ती. दाजी यांस,

सा. न. वि. वि. आज थट्टा नाही.

तिसरी दुर्बीण स्वस्तातली नव्हती. ती माझ्या रायफलवरची जर्मन दुर्बीण, जिच्याकडे बघून तुम्ही दर वर्षी उसासे टाकता. पहिल्या दोन्हींत मला स्वच्छ दिसलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. म्हणून तिच्यावरचं नाव चिकटपट्टीनं झाकलं आणि साध्या खोक्यात घातली. फसवलं, त्याबद्दल पाय धरतो. पण तिच्यातूनही धुकं दिसत असेल तर दोष काचेचा नाही, दाजी. डोळे दाखवा.

आणि स्पष्टच लिहितो, यंदा मी टेकडीवरून खाली येणार नाही. मला भीती वाटते. वीस वर्षांत हे वाक्य तुम्हाला लिहीन असं वाटलं नव्हतं. जर्मन दुर्बीण पुन्हा सोबत आहे, माझ्यावर विश्वास नसेल तर तिच्यावर ठेवून बघा.

तुम्ही लोभ तोडलात तरी मी तोडणार नाही.

आपला,
लेक्स

हास्ट, २१ मार्च

चि. लेक्स यास,

आशीर्वाद. तुला दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. त्यात काय होतं ते न विचारलेलं बरं. ऊनाही तुला सामील असणार अशी शंका आली. ती नाही म्हणाली, आणि लगेच कांदा चिरायला घेतला.

शेवटी तुला खोटं पाडायचंच म्हणून रायफल कपाटात ठेवली आणि नुसती दुर्बीण हातात घेऊन ओढ्याशी गेलो. ऊनाला पलीकडे जाऊन हात वर करायला सांगितलं, मी बोटं मोजणार होतो. ती गेली. थोड्या वेळानं कुंपणापाशी उभी दिसली, हात वर. मी ओरडून सांगितलं की चार. तर ती माझ्या कोपराशी उभी राहून रडत होती. ओढ्याला पाणी जास्त म्हणून ती केव्हाच परत फिरली होती. मी एका जळक्या खुंटाची बोटं मोजली, लेक्स, आणि मला अगदी खात्री होती.

त्या जागी तू असतास तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

डॉक्टर म्हणतात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मेमध्ये काढतील. त्यांनी फी वाढवायला दोन सांगितले असतील असं आधी वाटलं, तरी तारीख लिहून घेऊन आलो. रायफलचा बोल्ट काढून ऊनाकडे दिलाय. त्याच्याशिवाय ती नुसती काठी. बोल्ट कुठे ठेवलाय ते ती सांगत नाही, आणि मी गोड बोलून विचारलं तरी तिनं सांगू नये. दुर्बिणीची खरेदी तूर्त राहू दे.

पण हंगाम चुकवू नकोस. तू तुझी रायफल घेऊन ओढ्याशी माझ्या जागी बस. टेकडीला वळसा घालून वरून मी उतरेन. ती वाट माझ्या पायांना पाठ आहे. ऊना म्हणते, उतरताना सारखं मोठ्यानं गात राहा. गाईन. माझा आवाज ऐकून खोऱ्यातलं एकही हरीण थांबणार नाही, हात हलवतच परतावं लागेल.

तरी तू ये.

तुझा,
ऑब्री