पांढरं कपाट, निळं कपाट

आई, आपल्या स्वयंपाकघरातलं पांढरं कपाट गेल्या महिन्यात काढलं. दोन माणसं आली, भिंतीतून पट्ट्या उचकटल्या आणि अर्ध्या तासात ते अंगणात आडवं झालं. चौकट साल झाडाच्या लाकडाची होती म्हणून अजून घट्ट होती, पण खालच्या फळ्या वाळवीनं पोखरल्या होत्या. ठेवून घ्यावं असं माझ्या मनात होतं. हात लावला तर बोट आरपार गेलं, म्हणून जाऊ दिलं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. गेल्या काही वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही असं नाही, पण सांगायचं तर आधी तुमचा मुलगा गेल्याचं सांगावं लागलं असतं, आणि सासूला हे सुनेनं कोणत्या शब्दांत कळवावं ते मला एवढ्या पुस्तकांमध्ये कुठे सापडलं नाही. सहा वर्षं झाली. सकाळी ह्यांनी चहा घेतला, कप मोरीत ठेवला आणि हे दारातच बसले. एवढंच झालं. अजूनही मी चहाचं आधण दोघांचं ठेवते आणि मग अर्धं पाणी काढते. रडू येत नाही आता. पाणी काढायची सवय झाली आहे.

कपाट केलं तेव्हा मी या घरात येऊन पंधरा दिवस झाले होते. भनपुरीच्या वखारीतून लाकूड आलं होतं, मिस्त्री काम आटपून गेला होता, रंगवाला ओट्यापाशी उकिडवा बसला होता. तुम्ही कणकेचे हात तसेच धरून माझ्याकडे वळलात. "सूनबाई, याले रंग कोन्ता देऊ?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तो. "मी काय म्हणन ते मले ठाऊक हाय. तुले विचारून राहिली मी." मला तोवर कोणी काही विचारलं नव्हतं. शाळा सोडताना विचारलं नाही, लग्न ठरवताना विचारलं नाही. माहेरचं स्वयंपाकघर मातीचं, छतापर्यंत काळं झालेलं. मी पाहिलेली सगळ्यांत स्वच्छ वस्तू म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंचं औषधांचं कपाट. चकचकीत पांढरं. मी म्हटलं, पांढरा. रंगवाला हसला. "अम्मा, सिगड़ी के सामने सफेद?" तुम्ही त्याला म्हणालात, "तुले रंग लावाचा हाय का बोलाचं हाय?" आणि पुन्हा परातीकडे वळलात.

कोळशाच्या सिगडीसमोर पांढरा ऑइल पेंट. आज कोणी सांगितलं तर मीच हसेन. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "काहून वं, दवाखाना खोलला का?" तुम्ही म्हणालात, "हव. ये, तुह्या जिभेले इंजेक्शन देते." मी पदरात तोंड लपवून हसले होते. या घरातलं माझं पहिलं हसू ते.

पहिल्या दिवाळीपर्यंत कपाट साईच्या रंगाचं झालं, दुसऱ्या दिवाळीपर्यंत हळदीचं. मला इतकी लाज वाटायची की एकदा तुम्ही बाजारात गेल्याचं बघून मी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले. रंग गेलाच, खालचं लाकूडही ओरखडलं. तुम्ही परत आलात, पिशवी खाली ठेवली आणि मला अशा काही बोललात की बाहेर ओसरीवर मामंजी उभे राहिले. "धुराचं काम धूर करून राहिला, तू लाकडाले काहून मारतं?" मला वाटलं, आता निघेल विषय, पांढरा मागितलाच कशाला म्हणून. तो निघाला नाही. तुम्ही धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं, एक फडकं मला दिलं, एक तुम्ही घेतलं, आणि त्यानंतर दर शनिवारी आपण दोघी ते कपाट पुसत आलो. आतल्या फळ्यांवर घालायला मामंजी नागपूरहून मराठी वर्तमानपत्रांची रद्दी आणायचे, इथे सगळं हिंदी. माझी पाच इयत्ता हिंदी शाळा. मराठी वाचायला मी त्या फळ्यांवरच शिकले, डबे उचलून उचलून. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. "काय लिव्हलं हाय डाळीखाली?" असं विचारायचात आणि मी अडखळत वाचायची. अर्ध्यावर डबा आला की तुम्ही म्हणायचात, "सरकव तो डबा, मानूस मेलं का वाचलं ते तर समजू दे." पुढे मी वाचनालयात नाव घातलं, त्याची सुरुवात ही.

तुमच्या तेराव्यानंतर तुमच्या मुलानं माळा आवरायला घेतला. तुमच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक रंगाचा डबा निघाला. सील तसंच. झाकणावर चॉकलेटी रंगाचा ठिपका. आम्ही पेचकसानं तो उघडला, आत रंग नव्हताच, दगड झाला होता. हे डबा हातात फिरवत म्हणाले, "हा आईनं लग्नाच्या आधीच मागवला होता. कपाटासाठीच. मीच सायकलवर आणला." मी विचारलं, मग एकोणीस वर्षं मला सांगितलं का नाही? तर म्हणाले, "आई म्हने, या डब्याचं नाव काढशील तर ताटात वाढनार नाही." आई, तुमचं सगळं ठरलेलं होतं. सिगडीच्या घरात चॉकलेटीच लागतो हे तुम्हाला ठाऊक होतं आणि डबा आणून तयार होता. तरी तुम्ही मला विचारलंत, आणि मी चुकीचं सांगितलं तेव्हा डबा माळ्यावर गेला. शनिवारी सोड्याच्या पाण्यात हात घालताना तुम्हाला तो डबा दर वेळी आठवत असणार.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी मला सून आली. जवळच्याच अभनपूरची आहे, शाळेत शिकवते, माझं मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत देते. गुणी पोरगी. कपाट वाळवीनं खाल्लं तेव्हा मुलगा म्हणाला, आता मॉड्युलरच करू, तुम्ही दोघी जाऊन पसंत करा. भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकांच्या धुळीत आता काचेची दुकानं झाली आहेत. आत गेलं की भिंतभर नुसत्या पाट्या लावलेल्या, पुस्तकाच्या आकाराच्या, एकेका रंगाच्या. दुकानदार समजावत होता, आंटी, डब्बा म्हणजे आतला सांगाडा वॉटरप्रूफ प्लायचा घ्या, सिंकखाली तर घ्याच, आणि शटरला, म्हणजे दारांना, लॅमिनेट लावा नाहीतर अ‍ॅक्रेलिक. लॅमिनेट मॅट आहे, डाग धरत नाही. अ‍ॅक्रेलिक आरशासारखं. मी प्लायचा तुकडा मागितला, कडेनं थर मोजले, नखानं टोकरून पाहिलं. तो म्हणाला, "आंटी को तो सब मालूम है." एवढ्यानं मी फुगले.

सुनेनं मोबाइल काढला. तिच्याकडे सहा महिन्यांपासून जमवलेले फोटो होते. सगळे एकाच रंगाचे, गडद मोरपंखी निळा, चकचकीत, आणि शटरला मूठ नाही. तळहातानं दाबायचं की दार उघडतं. "मम्मी जी, ये वाला देखिए ना." मी पाहिलं आणि मला फक्त बोटं दिसली. कणकेची बोटं, तेलाची बोटं. वर आपल्या घरी उरल्याच्या कारखान्यांकडची काळी धूळ, सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा काळी. मी दुकानदारालाच विचारलं, "भैया, इस पर उंगली का निशान दिखेगा कि नहीं?" तो म्हणाला, दिखेगा तो. मग मी सुनेकडे न बघता बोलत गेले, की चमक चार दिवसांची, धुळीच्या घरात मॅटच पाहिजे, लाकडी रंगाचं घ्या, मूठ लावा. एकही गोष्ट खोटी नव्हती. तिनं मोबाइल पर्समध्ये ठेवला. "आप ठीक बोल रही हैं, मम्मी जी. वही लिख दो भैया." दुकानदारानं लिहून घेतलं.

ऑटोचे पैसे तिनंच दिले. रागावली होती असं नाही. नेहमीसारखी घरी आली, हात धुतले, फोडणी टाकायला उभी राहिली आणि मला विचारलं, "मम्मी जी, हींग कहाँ है?" हिंग चार वर्षांपासून त्याच जागी होता. तिला जागा माहीत होती. मी उठून काढून दिला आणि तिथेच थांबले, कारण पाहुण्यानं विचारावं तसं ती चार वर्षं विचारत होती आणि मी चार वर्षं हौसेनं काढून देत होते. मी तुमच्या घरात दुसऱ्या वर्षीच डबे सरकवून बातम्या वाचत होते. हिनं चार वर्षांत एक डबा सरकवला नव्हता.

मी दुकानात फोन केला. म्हटलं, डब्बा वॉटरप्रूफ प्लायचाच राहू द्या, पण शटर निळं करा, चमकवालं, मूठ नको. तो म्हणाला, आंटी, आप ही तो मना कर रही थीं. मी म्हटलं, मना करणारी बाई दुसरी होती, तुम्ही लिहा. सून दारात येऊन उभी राहिली होती. "मम्मी जी, पक्का? निशान दिखेगा बोले थे ना आप." मी म्हटलं, दिसू दे, फडकी पुष्कळ आहेत घरात. ती हसली नाही, तिनं फोटो पुन्हा काढले आणि माझ्याशेजारी बसून एकेक दाखवले. कुठे ताटं, कुठे मसाले, तिनं सगळं मनात मांडून ठेवलं होतं.

निळं कपाट बसून आता तीन आठवडे झाले. सुंदर दिसतं, आई, खोटं का बोलू. डबे तिनं लावले आणि आता मीच विचारते, अगं, तीळ कुठे? "ऊपर, मम्मी जी, दाएँ," ती वळूनही न बघता सांगते. पण आठव्या दिवशी सकाळी ऊन थेट शटरवर पडलं आणि सगळं दिसलं. खालच्या ओळीला पिठाची पाच बोटं, वर तेलाचा तळवा, कडेला काळी धूळ. ती ओढणीनंच पुसायला लागली, तर ते आणखी पसरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी जी, इसमें तो सब दिखता है."

मी एक फडकं ओलं करून तिला दिलं, एक मी घेतलं. तुमच्यासारखंच केलं, असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

हा कागद मी टपालात टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिताना मोठ्यानं म्हणत गेले, तेवढं पुरे. फक्त एक सांगायचं राहिलं. ती बोटं उन्हात दिसली तेव्हा मला आनंद झाला, आई. चांगला घोटभर आनंद, बघा मी म्हणत होते ना, असा. तोंडावर दिसू नये म्हणून मी शटरकडे तोंड करून पुसत राहिले. एकोणीस वर्षांत तुम्हालाही असं कधी वाटलं होतं का? वाटलं असेल तर मला फार बरं वाटेल.