न हलणारी गादी

४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर बोलत नाही म्हणून रुसू नकोस. फोन कानाला लावला की माशी गुणगुणल्यासारखं होतं, पुढचं काही कळत नाही. डावा कान आता शोभेपुरता उरलाय आणि उजवा त्याच्या मनात येईल तेव्हा चालतो. ते कानातलं मशीन लावलं की माणसांपेक्षा भांड्यांचाच आवाज मोठा होतो, म्हणून कपाटात ठेवून दिलंय. तेव्हा आपलं पत्रच बरं. टाकायला हे जातात. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत ह्यांचं चालणं होतं, आणि तेवढा वेळ माझा चष्मा कुठाय म्हणून मला कोणी विचारत नाही.

आता तुझ्या कामाचं. तू उभा जन्म गाद्यांच्या दुकानात घालवलास आणि सख्खी बहीण लग्नातल्या स्प्रिंगच्या गादीवर हाडं मोडून घेतेय. मधे चांगला खड्डा पडलाय. सकाळी उठले की कंबर धरून भिंतीशी उभं राहावं लागतं, मग कुठे पाय टाकता येतो. शिवाय हे नुसते कुशीवर वळले तरी मी होडीत बसल्यासारखी हलते. उठले तर विचारायलाच नको, आणि हल्ली रात्रीचे उठतात फार. ह्यांचं म्हणणं, गादीत काही दोष नाही, दोष आपल्या वयात आहे.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणतात लॅटेक्स घ्या. त्यांच्या जावेच्या घरी म्हणे मेमरी फोम आहे. घरात गाद्यांचा जाणकार असताना मी लोकांना विचारत फिरते, हे तुला बरं दिसतं का? काय ते नीट समजावून लिही.

तुझ्या मालकिणीला आशीर्वाद. कळावे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


१० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून लाज वाटली. बायको म्हणाली बरं झालं, आता तरी हलाल. तर ऐक.

तुझी आहे ती नेहमीची स्प्रिंगची. तिचा दोष एकच, सगळ्या स्प्रिंगा एकमेकींच्या नातेवाईक. एका टोकाला कोणी शिंकलं की दुसऱ्या टोकाला खबर पोचते. नवी घेतलीस तरी चार वर्षांनी हेच रडगाणं.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक फेसाळून भाजलेला. दाबला की लगेच वर येतो, अंगाखाली तापत नाही, आणि टिकायला म्हणशील तर आपल्यामागेही राहील. पण गादी जड इतकी की चादर बदलताना कोपरा उचलायला भाऊजींना हाक मारावी लागेल. शेजारच्याची हालचालही स्प्रिंगइतकी नाही, तरी थोडी कळते.

मेमरी फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो. तुझ्या आकाराची खळगी करतो आणि तुला त्यात धरून ठेवतो. कूस बदलायला जरा जोर लागतो, काहींना त्यात गरम होतं. पण गिऱ्हाइकाला मी एक खेळ दाखवतो. गादीच्या एका बाजूला काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला आमच्या टेम्पोवाल्याला बसवायचं, उठवायचं, पुन्हा बसवायचं. तो दिसायला कपाटाएवढा. तरी पाणी डुचमळतसुद्धा नाही. त्या पेल्यावर मी निम्मं दुकान विकलंय.

भाऊजी रात्रीचे उठतात त्याचं एवढं मनावर घेऊ नकोस. त्या वयात पुरुषांना उठावंच लागतं. झोपायच्या आधी पाणी कमी द्यायचं. त्यांना सांग, मेहुण्यानं लिहिलंय म्हणून.

तुला काय हवं ते कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
धाकटा


१७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पेल्याची गोष्ट ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. खूप हसले. मग म्हणाले की कामावर बॉयलरवरही ते असाच पेला ठेवत, पाणी थरथरलं की समजायचं पंप कुरकुरतोय. मला इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं.

पण तू समजतोस तसलं ते उठणं नाही. तुला म्हणून लिहिते, बायकोलासुद्धा वाचायला देऊ नकोस. जन्मभर ह्यांनी इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळी केली. रिटायर होऊन इतका काळ झाला, ते धुलाईघर पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली, पण ह्यांच्या अंगाला ते कोणी कळवलेलंच नाही. उठून बसतात, बूट शोधतात. सकाळच्या ऑपरेशनांच्या चादरी खोळंबतील, वाफ चढवायला हवी म्हणतात. मी सदऱ्याचं टोक धरते आणि सांगते की आज पाळी बदललीय, झोपा. मग लहान मुलासारखे आडवे होतात. सकाळी त्यातलं काही आठवत नाही.

आधी हे क्वचित व्हायचं, आता रोजचं झालंय. परवा तर दिवसाढवळ्या मला विचारलं की तुम्ही इथे नवीन लागलात का. मी हसून वेळ मारून नेली. नंतर न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं आणि रडले.

पण फार काळजी करू नकोस. एरवी ते ठणठणीत आहेत, हिशोब माझ्याहून चोख करतात. मला फक्त एकदा सलग झोपायचंय रे. डोळे सारखे चुरचुरतात, दुधावर उभी असले तरी पेंगते, दोनदा उतू गेलं. लॅटेक्स की मेमरी फोम हे मी तुझ्यावरच सोपवते. तुला जे योग्य वाटेल ते पाठव, मी निमूटपणे झोपेन.

कळावे. तुझ्या जिव्हाळ्यावरच सगळं चाललंय, तो असू दे.

तुझी
ताई


२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कोणाला दाखवलं नाही. भाऊजींचं वाईट वाटलं, पण त्याहून तुझं वाटलं. म्हातारपणी माणसं जुन्या दिवसांत जातात. माझे सासरेसुद्धा शेवटी शेवटी शाळेत निघायचे. डॉक्टरांना दाखव, झोपेची एखादी गोळी देतील.

कमरेच्या दृष्टीनं मी लॅटेक्सच पाठवणार होतो, बाजूलाही काढून ठेवली होती. पण तुझं पत्र आलं आणि ठरवून टाकलं. मेमरी फोम पाठवतोय. भाऊजी उठोत, बसोत, बूट घालोत, तुला पत्ताही लागणार नाही. हे पत्र टेम्पोवाल्याच्याच हाती देतोय. तो गादी वर चढवून, अंथरून देईल आणि जुनी घेऊन येईल. तिला घरात ठेवू नकोस, नाहीतर चांगली आहे चांगली आहे करत पुन्हा तिच्यावरच झोपशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

एक सांगायचं राहिलं. नव्या फोमला सुरुवातीला वास येतो. जरा डोक्यात जातो, काहींना मळमळतं. घाबरू नकोस, आपोआप जातो. सकाळी खिडकी उघडी टाकायची, बस.

पैशाचं नाव काढलंस तर भांडण होईल. आजवर तू माझ्यासाठी जागलीस, आता झोप. लोभाला कमी पडू देऊ नये.

तुझा
धाकटा


६ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच, मग बाकीची कामं.

गादी आली. पहिल्या रात्री जी झोपले ती उजाडल्यावरच उठले. कंबर इतकी मोकळी की तुला तिथल्या तिथे आशीर्वाद दिले. पुढेही रोज तेच. हेसुद्धा माझ्याआधी उठून, हातपाय धुऊन, पाळी संपवून आलेल्या माणसासारखे चहाची वाट बघत बसलेले असायचे. मला वाटलं, त्यांनाही गादी मानवली.

घरात वास होता. तू लिहिलंच होतंस, म्हणून मी खिडकी उघडायची आणि कामाला लागायची. परवा सकाळी डोकं भणभणायला लागलं, मळमळलं. तेही तू लिहिलं होतंस. स्वयंपाकघरात गेले तर शेगडीची दोन्ही बटणं उघडी. हे स्टुलावर बसलेले, पायात बूट, डोक्याला रुमाल. वाफेचा काटा का चढत नाही असं मला विचारत होते. काड्या कुठल्या कुठे ठेवता तुम्ही लोक, म्हणून रागावलेही. मी बटणं बंद केली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ह्यांचं उठणं मी कानांनी कधी ऐकलंच नव्हतं. ती खड्डा पडलेली मेली गादीच मला उठवत होती. हे उठले की मी हलायचे, आणि मी हलले की झोपेतच माझा हात ह्यांच्या सदऱ्याकडे जायचा. माझा कान त्या गादीत होता, धाकट्या, आणि तो मी तुझ्या टेम्पोत घालून दिला.

काडीपेटी आणि लायटर लपवलेत. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला, तर सकाळी तो जागेवर बसवलेला. माझं नाव विसरतात पण ते काम हात विसरत नाहीत. माझ्या मनगटाला रिबीन बांधून दुसरं टोक ह्यांच्या मनगटाला बांधलं. सकाळी ती पलंगाच्या पायाला होती, चादरींच्या गठ्ठ्यांना मारायचे त्या ह्यांच्या कधी न सुटणाऱ्या गाठीनं. आता खुर्चीत बसून जागायचं ठरवलंय, पण किती रात्री जमेल?

माझी जुनी गादी मोडली नसेल तर तीच परत पाठव. मोडली असेल तर लॅटेक्स पाठव. त्यात थोडी हालचाल कळते म्हणालास, मला थोडीसुद्धा पुरेल. कमरेचं जे व्हायचं ते होऊ दे. आणि जमलं तर गादीबरोबर तूही ये. मला भीती वाटते.

शिंपीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, नाहीतर त्यांच्याकडून फोन करवला असता. ह्यांना घरात एकटं ठेवून पेटीपर्यंत जायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र ह्यांच्याच हाती देते. दिवसा ते चांगले असतात.

माया असू दे. लवकर कर.

तुझी
ताई


१६ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे झोप जोरात चालू आहे असं धरून चालतो. टेम्पोवाला सांगत होता की अंथरल्याबरोबर तू हातानं दाबून बघितलीस आणि तुझ्या हाताचा ठसा किती वेळ तसाच राहिला म्हणून हसलीस. ऐकून फार बरं वाटलं.

जुनी गादी मी स्वतः कापली. स्प्रिंगा भंगारात गेल्या. खरंच सांगतो, इतकी वर्षं त्यावर झोपलात याचं बक्षीस द्यायला हवं. तुझ्यासाठी बाजूला काढलेली लॅटेक्स काल एका नव्या जोडप्यानं नेली. आता मी पाण्याचा पेलासुद्धा ठेवत नाही. सरळ सांगतो की आमच्या ताईला शेजारचा माणूस उठून गेलेला कळत नाही. गिऱ्हाईक तिथेच पटतं.

वास आता गेला असेल. राहिला असेल थोडा तरी या थंडीत खिडक्या उघड्या टाकून बसू नकोस, कंबर धरेल. दुकानात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. गर्दी ओसरली की बायकोला घेऊन येतो, तेव्हा भाऊजींशी पोटभर गप्पा मारीन.

दोन ओळी तरी टाक. तुझ्या लोभाची सवय झालीय.

तुझा
धाकटा


रात्रपाळी संपल्यावर, सकाळी

श्री. मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

आपले सोळा तारखेचे पत्र पोचले. जिन्यात पोस्टमन भेटला, म्हणून प्रथम माझ्याच हाती आले. आपल्या ताई अजून उठलेल्या नाहीत, तेव्हा उत्तर मीच लिहावे असे ठरवले. एरवी लिहिण्याचे खाते त्यांच्याकडे असते.

गादीबद्दल आपले आभार मानावे तेवढे थोडे आहेत. पूर्वी मी कामाला निघालो की आपल्या ताई सदरा धरून मला परत निजवत. प्रेमापोटीच करत, पण त्यामुळे माझे किती खाडे झाले याची त्यांना कल्पना नव्हती. आता मी उठतो, बसतो, बुटांच्या नाड्या बांधतो, पुन्हा बसून पाहतो, त्या हलत नाहीत. आपल्या त्या पेल्याचे मला रोज कौतुक वाटते. मध्यंतरी काही रात्री त्या खुर्चीत जागत बसल्या. मान सारखी कलंडत होती, पाहवेना. शेवटी मीच समजूत घालून त्यांना गादीवर नेले, अंगावर पांघरूण घातले. पाठ टेकताक्षणी झोपल्या. आपल्या पत्राची फार वाट पाहत होत्या. पत्र आले का म्हणून रोज विचारतात.

धुलाईघरात हल्ली व्यवस्था उरली नाही. ह्या वेळी भट्टी फारच लहान दिली आहे, दोन तोंडांची. तिच्यावर अख्ख्या इस्पितळाच्या चादरी कशा निघायच्या? तरी मी तक्रार केलेली नाही. खिडक्या मात्र रोज घट्ट लावून घेतो. आपणही तसेच लिहिले आहे, आणि वाफेच्या कामात वारा चालत नाही. अडचण आहे ती काड्यांची. कोणीतरी लपवते. मी गॅस सोडून ठेवतो आणि अंधारात काडी शोधत बसतो, तोवर पाळी संपते आणि आपल्या ताई येऊन सगळे बंद करतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून भट्टी थंड राहिली नव्हती. याची मला खंत आहे.

त्यावर तोड काढली आहे. आता हे पत्र टाकायला कोपऱ्यावर जाईन, तेव्हा पलीकडच्या दुकानातून काडीपेटी घेऊन खिशात ठेवीन. आज रात्री भट्टी वेळेवर पेटेल. आपल्या ताईंना उठवणार नाही. किती काळाने त्यांना अशी झोप लागते आहे.

कळावे. लोभाचा काटा खाली येऊ देऊ नये ही विनंती.

आपले
भाऊजी

ता. क. आपल्या ताईंनी मागे एक पत्र टाकायला दिले होते, ते माझ्या कोटाच्या खिशात राहून गेले. तेही ह्याच पाकिटात घालत आहे. एक तिकीट वाचले.